नितळ पाण्यातला नकार

बास हा गोड्या पाण्यातला मासा दिसायला फारसा देखणा नाही. लार्जमाउथ बास तर मुळीच नाही. तोंड एवढं मोठं, की बाकीचा मासा त्या तोंडामागून नाइलाजाने आल्यासारखा वाटतो. पण या तोंडावर अमेरिकेतली लाखो माणसं जीव ओवाळून टाकतात. पहाटे चारला उठतात, घरच्या गाडीपेक्षा महाग बोट घरच्या गाडीमागे जोडून तळ्यावर नेतात, दिवसभर उन्हात उभी राहतात आणि मासा मिळालाच तर तो तोलून, त्याच्यासोबत फोटो काढून, त्याला पुन्हा पाण्यात सोडून देतात. मुरूड ते मालवण या पट्ट्यातल्या कुणालाही या हकिकतीचा शेवटचा भाग पटवून देणं अवघड आहे.

सोडून देण्याची ही रीत फार जुनी नाही. रे स्कॉट नावाच्या अलाबामातल्या विमा एजंटने १९६७ साली आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बास पकडण्याची स्पर्धा भरवली, पुढे बास मासेमारांची संघटना काढली आणि १९७२ पासून स्पर्धकांनी मासा जिवंत सोडावा असा आग्रह धरला. गिऱ्हाईक जिवंत राहण्याचं महत्त्व विमा एजंटाइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

माणसाची आणि बासची ओळखच मुळी चुकीच्या पाहण्यातून झाली. १८०२ साली लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञापुढे स्मॉलमाउथ बासचा एक नमुना आला. त्याचा पाठीवरचा पर तुटलेला होता. तो तुटका तुकडा लासेपेदला वेगळा, चिमुकला पर वाटला आणि त्याने नाव ठेवलं मायक्रॉप्टेरस, म्हणजे छोट्या पराचा. एका जखमी माशावरून अख्ख्या कुळाचं बारसं झालं. धडधाकट परांचे बास गेली दोनशे वर्षं हे नाव मुकाट्याने वागवत आहेत. तेव्हापासून आजवर या माशाच्या बाबतीत खरा प्रश्न एकच आहे: पाण्याच्या वरून आणि खालून, कुणाला काय दिसतं?

बासला काय दिसावं याची व्यवस्था करणारा धंदा १९४९ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाला. निक क्रीम या गृहस्थाने घरच्याघरी शेगडीवर प्लास्टिक वितळवून त्याचं गांडूळ ओतलं. पत्नी कॉस्माही या उद्योगात सामील होती. नसती, तर अमेरिकन मासेमारीचा इतिहास त्या शेगडीपाशीच संपला असता. गांडुळापाठोपाठ रबरी बेडूक आले, झिंगे आले, पाली आल्या आणि यथावकाश मासेही आले. माशासाठी मासा. त्याला म्हणायचं सॉफ्ट स्विमबेट.

म्हटलं तर रबर, खरं तर प्लास्टिसॉल. पीव्हीसीची पूड तेलकट द्रवात कालवायची, तापवायची, साच्यात ओतायची. शेपटीच्या टोकाला एक आडवा चपटा गोळा ठेवायचा. दोरी ओढली की तो गोळा पाण्याच्या दाबाने डावीकडे-उजवीकडे आपटतो, सगळं अंग डुलू लागतं आणि एक निर्जीव वस्तू कामावर निघालेल्या माशासारखी चालू लागते. लाकडी किंवा कडक प्लास्टिकचं आमिष तोंडात घेतलं की बासला फसवणूक तत्काळ कळते आणि तो ते थुंकतो. मऊ आमिषाला थोडा वेळ संशयाचा फायदा मिळतो. तेवढ्यात वरच्याने गळ ओढायचा असतो.

या आमिषांना खरं वेड लावलं कॅलिफोर्नियाने, आणि तेही सरकारी खर्चाने. १९५९ साली सॅन डिएगोच्या तलावांचे अधिकारी ऑर्व्हिल बॉल यांनी फ्लोरिडातले बास आणून तिथल्या पाण्यात सोडले. फ्लोरिडाचा बास अंगाने मोठा होतो. त्याच सुमारास दुसरीकडे सरकार हौशी मासेमारांना पकडता यावेत म्हणून हॅचरीत वाढवलेले रेनबो ट्राउट ट्रकमध्ये भरून तलावांत सोडत होतं. सिमेंटच्या टाकीत वाढलेल्या, जगाचा अनुभव नसलेल्या त्या ट्राउटांकडे फ्लोरिडाच्या पाहुण्यांनी पाहिलं आणि त्यांना ही पोषण आहार योजना मनापासून पटली. बास वीस पौंडांपलीकडे गेले. लॉस एंजेलिसजवळच्या कॅस्टेइक तलावात १९९१ साली बॉब क्रुपी यांना बावीस पौंडांचा बास मिळाला. ट्राउट गिळणारा बास हवा असेल तर गळाला ट्राउटच लावावा, आणि तोही खऱ्या मापाचा, हे ओघानेच आलं.

मग केन हडलस्टन यांचा आठ इंची मऊ ट्राउट आला. डोळे, कल्ले, पाठीवरचे ठिपके, अंगावरची गुलाबी छटा, सगळं जिथल्या तिथे. तो किती वेगाने बुडतो याचा आकडासुद्धा दिलेला: १२ लिहिलं असेल तर दहा सेकंदांत बारा फूट. इतका नेमका आकडा औषधाच्या बाटलीवरही सहसा सापडत नाही. किंमत अशी, की त्या पैशांत हॉटेलात खरा ट्राउट मागवता यावा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच, आणि हा मोती पहिल्याच फेकीत बुडालेल्या झाडाच्या फांदीत अडकण्याची शक्यता भरपूर. म्हणून काही स्विमबेटांत दोरी पोटातून आरपार ओवतात. मासा गळाला लागला की रबरी मासा दोरीवरून वर सरकतो आणि झटापटीतून वाचतो. थोडक्यात, मारामारी सुरू झाली की महागडा माणूस बाजूला होतो.

आता पाणी.

पाणी किती नितळ आहे हे मोजण्याचं शास्त्र पोपच्या जहाजावर जन्माला आलं. अँजेलो सेकी हे जेझुइट पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ. आयुष्यभर सूर्य आणि तारे पाहण्यात गुंतलेल्या या माणसाला १८६५ साली भूमध्य समुद्रात खाली पाहायला सांगितलं गेलं. त्यांनी दोरीला पांढरी तबकडी बांधून पाण्यात सोडली आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं. एवढंच. दीडशेहून अधिक वर्षं झाली, उपग्रह आले, संवेदक आले, पण वीस सेंटिमीटरची, चार भागांत काळी-पांढरी रंगवलेली सेकीची तबकडी तळ्यांवर अजून कामावर आहे. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो सरोवराची मापं सेकीच्या तबकडीने १९६८ पासून नियमित घेतली जातात. सुरुवातीला ती शंभर फुटांपर्यंत दिसायची. अलीकडे साठ-सत्तर फुटांवर नाहीशी होते, आणि टाहोकाठची मंडळी या आकड्याचं सुतक पाळतात.

बास मासेमार तबकडी नेत नाही. तो बोटीच्या कडेने आपलं आमिष खाली सोडतो आणि ते कुठे दिसेनासं होतं ते पाहतो. एक फुटाच्या आत गडप झालं तर पाणी गढूळ, दोन ते चार फुटांवर गेलं तर मध्यम, सहा-आठ फुटांच्या खाली गेलं तर नितळ. मोजमाप झालं की तो डबा उघडतो, आणि इथून शास्त्र संपून श्रद्धा सुरू होते.

त्या डब्यात काय नसतं? ग्रीन पम्पकिन, टेनेसी शॅड, इलेक्ट्रिक शॅड, सेक्सी शॅड, काळा-निळा, पांढरा-पोपटी. जपानी कंपन्यांचे रंग वेगळेच. त्यांत आयू नावाच्या जपानी नदीतल्या माशाचाही रंग आहे, आणि तो ओहायोतल्या तलावात राहणाऱ्या बासलाही दाखवला जातो. हिरव्या भोपळ्याचा रंग तर सदाबहार. भोपळ्याशी बासचा आयुष्यात कधी संबंध आलेला नाही, पण अमेरिकेत त्या रंगाशिवाय डबा पुरा होत नाही. एकाच रंगाला सोनेरी चमक वेगळी, जांभळी चमक वेगळी, बारीक काळी मिरपूड टाकलेला आणखी वेगळा. प्रत्येकासाठी वेगळी परिस्थिती: ढगाळ सकाळ, वाऱ्याची दुपार, पावसानंतरचा तिसरा दिवस. मालकाला ही सगळी पंचांगं तोंडपाठ.

मग कुणीतरी बासलाच विचारायचं ठरवलं. इलिनॉय विद्यापीठातल्या लिसा मिचेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लार्जमाउथ बासना रंग ओळखायला शिकवलं: ठरलेल्या रंगाकडे गेला की खाऊ. त्यांचा निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. बासच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्याला दाद देणारी आणि एक लालला. लाल आणि हिरवा हे रंग तो उत्तम ओळखतो. पण झगझगीत पिवळट-पोपटी आणि पांढरा यांत त्याला फरक करता आला नाही. गडद निळा आणि काळा यांतही नाही.

म्हणजे काळ्यावर निळी झाक असलेलं, दुकानात शोधून शोधून घेतलेलं स्विमबेट बासच्या लेखी नुसतं काळं. पांढऱ्या अंगाची आणि पोपटी शेपटीची जोडी त्याच्या लेखी पांढऱ्यावर पांढरं. आणि जो लाल रंग त्याला स्पष्ट कळतो, तो नितळ पाण्यात पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. या निबंधानंतर रंगांच्या खपावर काही परिणाम झाल्याचं ऐकिवात नाही. होण्याचं कारणही नाही, कारण आमिष पहिल्यांदा ज्याला भुलवतं तो दुकानात येतो, आणि त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात.

तरी पाण्याच्या नितळपणाने फरक पडतो, आणि मोठा पडतो. फक्त तो रंगाच्या डबीत शोधायचा नसतो.

नितळ पाण्यात लांबचं दिसतं. दिसतं म्हणजे दोघांनाही. स्विमबेट वापरणाऱ्याच्या आयुष्यातले सर्वांत हृद्य आणि सर्वांत अपमानास्पद क्षण याच पाण्यात येतात. आठ इंची रबरी ट्राउट डुलत येतोय, त्याच्यामागे खालच्या निळसर काळोखातून एक भलंमोठं डोकं वर येतं. दहा पौंड तरी असावं. ते आमिषाच्या शेपटीला नाक लावून चालू लागतं. वरच्याचा श्वास अडकतो. डोकं थोडं डावीकडे होतं, थोडं उजवीकडे. मासळी बाजारात कोळणीपुढे उकिडवी बसून पापलेटाचा कल्ला वर करून पाहणारी, पोट दाबून पाहणारी आणि शेवटी ‘नको, बर्फातलं दिसतंय’ म्हणून पदर झटकून उठणारी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. इथे मासाच मासा पारखून घेतो इतकंच. बोट दिसते, बोटीवरचा माणूस दिसतो, आणि डोकं आल्या वाटेने निवांत खाली जातं. घाबरून पळालं असतं तरी चाललं असतं. तो निवांतपणा मनाला लागतो.

अशा पाठराखणीला तिकडे ‘फॉलोअर’ म्हणतात. फॉलोअर कितीही असले तरी त्यांच्यावर चूल पेटत नाही, हे बास मासेमारांना समाजमाध्यमं येण्याच्या खूप आधी कळलं होतं. तरी संध्याकाळी धक्क्यावर परतताना ज्याच्याकडे एकही मासा नसतो तो ‘पाच आले होते मागे’ असं सांगतो, आणि बाकीचे सहानुभूतीने माना हलवतात.

या नकारावर उपाय शोधणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, माशाला विचार करायला वेळच देऊ नका. आमिष लहान घ्या, तीन-चार इंची, अर्धपारदर्शक, पोटाला चंदेरी. लांब फेका आणि जोरात ओढा. धावतं भक्ष्य दिसलं की बास आधी झडप घालतो, पारख नंतर. दुसरा पंथ म्हणतो, आमिष इतकं हुबेहूब हवं की कितीही वेळ पारखलं तरी खोट सापडू नये. मग ते तळाशी बसू द्या आणि इतकं सावकाश ओढा की ओढणाऱ्यालाच झोप यावी. दोन्ही पंथांचे लोक मोठे मासे पकडतात, आणि दोन्ही पंथांचे लोक दुसऱ्याचा मासा योगायोगाने मिळाला असं समजतात.

दोरीवर मात्र दोघांचं एकमत. नितळ पाण्यात फ्लुओरोकार्बनची दोरी. तिचा अपवर्तनांक सुमारे १.४२, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पाण्याच्या जवळचा आकडा म्हणून ती पाण्यात कमी उठून दिसते. शाळेत अपवर्तनांकाच्या धड्याला वैतागलेली माणसं दुकानात हा आकडा अगदी दशांशासह सांगतात. शिवाय वारा हवा. पृष्ठभागावर लाटा उठल्या की उजेड मोडतो, आमिषाच्या कडा धूसर होतात आणि बासचा संशय कमी होतो. बासला पापण्या नसतात. भर उन्हात तो सावली शोधतो किंवा खोल जातो. त्यामुळे निरभ्र आकाश, शांत पाणी, मंद ऊन, असा जो दिवस सहलीला आलेल्या कुटुंबाला स्वर्गीय वाटतो, त्या दिवशी स्विमबेटवाला आकाशाकडे बघून दातओठ खात असतो.

मध्यम पाण्यासाठी कॅलिफोर्नियातलंच एक उदाहरण घ्यावं, कारण त्याचं नाव क्लिअर लेक. नाव क्लिअर आहे इतकंच. हे सरोवर फार प्राचीन, उथळ आणि पोषकद्रव्यांनी गच्च. उन्हाळ्यात त्यात निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांची साय येते आणि पाण्यात उतरू नका अशा सूचना लावाव्या लागतात. काठावरच्या चिलटांचा बंदोबस्त म्हणून १९४९ पासून त्यात डीडीटीच्या जातीचं डीडीडी हे रसायन तीन वेळा ओतलं गेलं. चिलटं काही काळाने परतली, मेले ते पाणपक्षी. त्यानंतर १९६७ साली चिलटं खायला चिमुकले सिल्व्हरसाइड मासे आणून सोडले. चिलटांचं काय व्हायचं ते झालं, पण बासच्या पानात एक पदार्थ वाढला.

इथला बास गुबगुबीत असतो, आणि तो पूर्वापार खात आला तो हिच नावाचा स्थानिक मासा. हा हिच इतका घटला की २०१४ साली कॅलिफोर्नियाने त्याला धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घातलं. रबरी हिच मात्र दुकानात मुबलक. खरा मासा कायद्याच्या संरक्षणात आणि नकली मासा सवलतीच्या दरात, असं हे दृश्य आहे.

मध्यम पाण्याची गंमत अशी, की त्यात बासला आमिष दिसतं पण पुरतं दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच फुटांवरून कुणीतरी माशासारखं जातंय एवढंच कळतं, जवळ गेल्यावर थांबून न्याहाळायची सोय नसते, आणि तोवर तोंड उघडलेलं असतं. त्यामुळे स्विमबेटवाल्याचं खरं प्रेम याच पाण्यावर. इथे पांढरट, जरा भडक, थोडा पोपटी लावलेला मासा चालतो. पोपटी रंगाची बाटलीही मिळते, तीत शेपूट बुडवायची, आणि त्या रंगाला चक्क लसणाचा वास दिलेला असतो. बासला पोपटी आणि पांढऱ्यातला फरक कळत नसेल तर कळत नसेल. बोटीवरच्या माणसाच्या हाताला आठवडाभर फोडणीचा वास येतो आणि आपण काहीतरी केलं याचं समाधान मिळतं.

गढूळ पाण्याची गोष्टच निराळी. फ्लोरिडातलं ओकीचोबी सरोवर बृहन्मुंबईच्या तिपटीएवढं पसरलेलं आणि सरासरी खोली जेमतेम नऊ फूट. जोराचा वारा सुटला की तळाचा गाळ वर येतो. चक्रीवादळ येऊन गेलं की पाणी कित्येक दिवस निवळत नाही. अशा पाण्यात रंगाची चर्चा म्हणजे बाजारात तुरी. तिथे बास अंगाने ऐकतो. माशाच्या दोन्ही बाजूंनी कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तीत पाण्याची बारीकशी हालचाल टिपणाऱ्या पेशी असतात. जवळून कुणी शेपूट आपटत गेलं की डोळे मिटूनही कळावं अशी सोय, अर्थात बासला डोळे मिटता येत नाहीत ती गोष्ट वेगळी. म्हणून गढूळ पाण्यात आमिष जाड हवं, शेपटीचा गोळा मोठा हवा, चाल संथ हवी आणि रंग काळा, कारण वरच्या मंद उजेडासमोर काळ्याचीच आकृती उठून दिसते. या कानाचा पल्ला छोटा. त्यामुळे बुडालेल्या खोडाला, लव्हाळ्याच्या गठ्ठ्याला चिकटून पुन्हा पुन्हा त्याच जागी फेकत राहायचं. ओकीचोबीत गवत इतकं, की गळाचं टोक रबराच्या पाठीत लपवून ठेवतात. बासने दाबलं की ते बाहेर येतं. तो न दाबेल तोवर आमिष गवतातून बिनबोभाट जातं.

आणि या पाण्यात माणूस सुखी असतो. नितळ पाण्यात त्याला प्रत्येक नकार डोळ्यांनी पाहावा लागतो. गढूळ पाण्यात शंभर बासनी तोंड फिरवलं तरी त्याला पत्ता लागत नाही. पुढच्या फेकीला काहीतरी होणार, ही आशा दिवसभर शाबूत राहते. नितळ पाण्यावरून परतणारा माणूस आमिष बदलायचं म्हणतो, गढूळ पाण्यावरून परतणारा नशिबाला दोष देतो. दुसरा खर्च कमी. याच गढूळ नियमावर हीच रबरी शेपूट आता कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांत जिताड्यासाठीही फिरते. मात्र तिथे हाती आलेल्या जिताड्याचं पुढे काय करायचं, या प्रश्नावर घरात सहसा मतभेद नसतात.

नियम पाठ झाले म्हणावं तर पाणीच बदलतं. १९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा मसल नावाचे शिंपले सापडले. काळ्या समुद्राच्या बाजूचे हे बोटाच्या पेराएवढे जीव जहाजांच्या तळातल्या पाण्यातून अमेरिकेत आले होते. एकेक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळतो. त्यांचे अब्जावधी झाले, आणि सेंट क्लेअर आणि एरी ही सरोवरं काही वर्षांतच पूर्वीपेक्षा कितीतरी नितळ झाली. नळ तुंबले, वीज केंद्रांचे पाइप तुंबले, अभियंते हवालदिल झाले. मासेमार वेगळ्याच कारणाने हवालदिल झाले: आयुष्यभर जमवलेले भडक रंग एकदम निरुपयोगी ठरले. मग त्या शिंपल्यांमागोमाग त्यांना खाणारा गोबी मासा आला, तोही परदेशी आणि तोही जहाजांतूनच. स्मॉलमाउथ बासना गोबी फार आवडला आणि ते जाड होऊ लागले. मग काय, रबरी गोबी निघाले. परक्या शिंपल्याला परक्या माशाने खायचं, परक्या माशाला देशी बासने खायचं, आणि या सगळ्याची प्लास्टिकची आवृत्ती डझनाच्या पाकिटात विकायची, अशी ही साखळी आहे.

विक्रमाकडे पाहिलं तर स्विमबेटवाल्यांची पंचाईत होते. जगातला सर्वांत वजनदार लार्जमाउथ बास २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या मॉन्टगोमेरी लेक या नदीच्या जुन्या पात्रातल्या डबक्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने पकडला: २२ पौंड ४ औंस. त्याच्याजवळ आणि त्याच्या मित्राजवळ मिळून एकच आमिष होतं असं सांगतात. रंग निवडायचा प्रश्नच नव्हता. मासा गावच्या पोस्टातल्या काट्यावर तोलला, एका मासिकाच्या स्पर्धेत ७५ डॉलरचं सामान मिळवलं आणि विश्वविक्रम घरी नेऊन कुटुंबासह खाल्ला. मुरूड-मालवणच्या लोकांना हा इसम ताबडतोब आपला वाटेल.

या विक्रमाच्या बरोबरीला यायला ७७ वर्षं लागली. २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी जपानमधल्या बिवा सरोवरात २२ पौंड ४.९७ औंसांचा बास पकडला. पेरीच्या माशाहून औंसभरानेही जास्त नाही, आणि नियम असा की दोन औंसांनी तरी पुढे असायला हवं. म्हणून बरोबरी जाहीर झाली, तीही कुरितांची खोटं पकडणाऱ्या यंत्रावर चाचणी घेऊन. मासेमाराने सांगितलेलं वजन यंत्राने खरं मानल्याचा हा बहुधा दुर्मीळ प्रसंग. आणि कुरितांच्या गळाला काय होतं? जपानी कारागिरीचं नाजूक रबर? नाही. जिवंत ब्लूगिल.

हा ब्लूगिलही अमेरिकनच. शिकागोच्या महापौरांनी १९६० साली तो जपानच्या तेव्हाच्या युवराजांना भेट दिला. युवराज अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. त्यांनी भेट संशोधन संस्थेला दिली, तिथून मासा देशभर पसरला, आणि २००७ साली सम्राट म्हणून त्यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली. बासही तिथे १९२५ पासूनचा पाहुणा. बिवा ज्या शिगा प्रांतात आहे तिथे २००३ पासून पकडलेला बास पाण्यात परत सोडायला बंदी आहे आणि काठावर बास आणि ब्लूगिल टाकण्यासाठी पेट्या ठेवलेल्या आहेत. रे स्कॉटने अमेरिकेला सोडायला शिकवलं, शिगा प्रांताने न सोडायला. बासच्या दृष्टीने धोरणात सातत्य नाही.

पाण्याचा नितळपणा, रंग, शेपूट, वेग या सगळ्या गोंधळावर शेवटी एक सरळ तोडगा निघाला: निवडायचंच कशाला? अलाबामातल्या अँडी पॉस यांनी छत्रीच्या काड्यांसारख्या पाच तारा एका डोक्याला जोडल्या आणि प्रत्येक तारेला एकेक मऊ स्विमबेट लावलं. पाण्यात ओढलं की माशांचा छोटा थवा चालल्याचा भास होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये गंटर्सव्हिल तलावावरच्या स्पर्धेत पॉल एलायस यांनी ही अलाबामा रिग वापरून १०२ पौंड ८ औंस बास तोलले आणि स्पर्धा जिंकली. देशभर त्या तारांवर उड्या पडल्या. पुढच्याच वर्षी सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धामालिकेने रिगवर बंदी घातली. यात कसब राहत नाही, असं काहींचं म्हणणं. पाच मासे एकदम फेकणाऱ्याच्या खांद्याला विचारलं तर त्याचं मत वेगळं पडेल.

काही राज्यांत एका दोरीला किती गळ लावायचे यावर मर्यादा आहे, म्हणून तिथले लोक पाच तारांपैकी दोन-तीन तारांना बिनगळाचे रबरी मासे लावतात. त्यांनी कुणाला पकडायचं नसतं, नुसती गर्दी दाखवायची असते. मधला मासा मात्र जरा मोठा आणि वेगळ्या रंगाचा ठेवायची रीत आहे, म्हणजे बासचं लक्ष नेमकं त्याच्यावर जावं. तो रंग नितळ पाण्यात कोणता आणि गढूळ पाण्यात कोणता, यावर दोन मित्र एका बोटीत बसून वाद घालू शकतात, आणि बहुतेक वेळा तो वाद पांढऱ्या आणि पोपटीमधला असतो.